दुर्गा खोटे : घराण्याच्या नावापलीकडे

दुर्गा खोटे (१४ जानेवारी १९०५ – २२ सप्टेंबर १९९१) यांची कारकीर्द मूकपट मावळत असताना सुरू झाली आणि दूरदर्शनच्या मालिकांपर्यंत पोहोचली. या पन्नासहून अधिक वर्षांत त्यांनी दोनशेच्या आसपास चित्रपटांत कामे केली, मराठी रंगभूमी गाजवली आणि अनुबोधपटांची व जाहिरातपटांची संस्था चालवली. तरीही त्यांच्याविषयी बहुतेक ठिकाणी पहिले वाक्य ठरलेले असते : कुलीन, सुशिक्षित घराण्यातून चित्रपटात आलेली पहिली स्त्री. या वाक्याने दुर्गाबाईंना मोठा मान मिळाला, पण त्यांचे काम मात्र झाकले गेले. घराण्याचे नाव त्यांना जन्माने आणि लग्नाने मिळाले होते. त्यांनी स्वतः मिळवले ते निराळे आहे आणि त्याची मोजदाद आजही अपुरीच आहे.

लाड कुटुंब मूळचे गोव्याचे. वडील पांडुरंगराव लाड मुंबईतले नामांकित सॉलिसिटर. कांदेवाडीच्या मोठ्या एकत्र कुटुंबात दुर्गाबाई वाढल्या. कॅथिड्रल शाळेत आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकल्यामुळे इंग्रजी त्यांना घरच्या भाषेइतकेच जवळचे होते. लग्नही तोलामोलाच्या घरात, विश्वनाथ खोटे यांच्याशी झाले. पण सासरची सुबत्ता टिकली नाही. आर्थिक घडी विस्कटली, ऐन तारुण्यात वैधव्यही आले आणि पदरी दोन लहान मुलगे होते. शिकलेल्या स्त्रीला तेव्हा खुला असलेला मार्ग शिकवण्यांचा, आणि तो दुर्गाबाईंनी धरलाही होता. चित्रपट त्यांच्याकडे आला तो अशा दिवसांत. मोहन भवनानी यांना ‘फरेबी जाल’ (१९३१) या चित्रपटातील एका छोट्या भूमिकेसाठी स्त्री हवी होती. विचारणा झाली ती थोरल्या बहिणीकडे; तिने धाकटीचे नाव सुचवले. पैशाची गरज होती म्हणून दुर्गाबाईंनी होकार दिला. कलेची ओढ, बंडखोरी, समाजसुधारणा ही कारणे पुढच्या लेखकांनी जोडली.

‘फरेबी जाल’च्या जाहिरातीत अभिनयापेक्षा घराण्याचे नाव पुढे केले गेले. चित्रपट सुमार निघाला आणि मराठी पांढरपेशा समाजात मोठा गदारोळ उठला. ‘कुलीन’ हा शब्द दुर्गाबाईंना चिकटला तो इथे, आणि त्यामागे तिकीटविक्रीचा विचार होता हे विसरून चालत नाही. शिवाय ‘पहिली’ हा दावा तपशिलात टिकत नाही. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या होत्या, हीच मुलगी पुढे कमलाबाई गोखले म्हणून प्रसिद्ध झाली. भवनानींच्याच मूकपटांत एनाक्षी रामराव आणि कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्यासारख्या उच्चशिक्षित स्त्रियांनी कामे केली होती. ‘आलम आरा’ची नायिका झुबेदा ही सचीन संस्थानच्या नवाबाची मुलगी. ‘कुलीन’ शब्दाचा सगळ्यात मोठा अन्याय होतो तो कलावंतिणींच्या घराण्यांतून आणि अँग्लो-इंडियन व ज्यू कुटुंबांतून आलेल्या स्त्रियांवर. मूकपटाचा डोलारा त्यांनीच पेलला होता. त्यांची कला कमी प्रतीची होती असे कुणी सिद्ध केलेले नाही; त्यांचे घर कमी प्रतीचे मानले गेले, एवढेच. दुर्गाबाईंचे मोठेपण सांगण्यासाठी या स्त्रियांना दाराबाहेर उभे करण्याची काहीही गरज नाही.

‘फरेबी जाल’ने झालेली नाचक्की कुणालाही घरी बसवणारी होती. त्याच सुमारास व्ही. शांताराम पहिल्या मराठी बोलपटाची जुळवाजुळव करत होते. त्यांची प्रभात फिल्म कंपनी तेव्हा कोल्हापुरात होती. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) मध्ये गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र झाले आणि दुर्गाबाई तारामती. या निवडीचे महत्त्व कळण्यासाठी एकोणीस वर्षे मागे जावे लागते. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये हीच तारामती अण्णा साळुंके या पुरुषाने रंगवली होती, कारण पडद्यावर यायला एकही स्त्री तयार नव्हती. साळुंके ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही झाले. दुर्गाबाईंनी तारामती केली आणि दोन वर्षांनी सीताही केली. म्हणजे पुरुषांनी साडी नेसून उभ्या केलेल्या भूमिका एका स्त्रीच्या ताब्यात आल्या, आणि या वेळी त्यांना आवाजही होता.

हा आवाज सोपा नव्हता. पार्श्वगायनाची पद्धत अजून यायची होती, त्यामुळे संवाद आणि गाणी चित्रण चालू असतानाच मुद्रित होत. मायक्रोफोन जिथे लपवला असेल त्याच्या आसपासच वावरावे लागे. त्यात हा बोलपट मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत निघाला. एक प्रसंग एका भाषेत झाला की त्याच सेटवर तो दुसऱ्या भाषेत करायचा. नाटक कंपनीत वर्षानुवर्षे घोटलेला आवाज टेंब्यांकडे होता. दुर्गाबाईंकडे रंगभूमीचा असा सराव नव्हता, म्हणून नाटकी फेकही नव्हती. राणीपद सोडून दासी होणारी तारामती त्यांनी शब्द न ओढता, मान ताठ ठेवून उभी केली. उंच बांधा, रेखीव नाक आणि ठाम स्वर ही पुढे त्यांची ओळखच ठरली. ज्या समाजाने वर्षभरापूर्वी नावे ठेवली होती, त्यानेच या तारामतीला डोक्यावर घेतले.

त्याच वर्षी प्रभातच्या ‘माया मच्छिंद्र’मध्ये त्या स्त्रीराज्याच्या राणी झाल्या, या राणीच्या पायाशी पाळीव चित्ता बसलेला असे. दोन चित्रपट गाजल्यावर कुठल्याही नटीने एका कंपनीची महिन्याच्या पगाराची नोकरी पक्की केली असती. तेव्हाचा रिवाजच तो होता : नट, दिग्दर्शक, सुतार, शिंपी सगळे कंपनीचे पगारी नोकर. दुर्गाबाईंनी तसे बांधून घेतले नाही. त्या चित्रपटागणिक करार करू लागल्या. प्रभातमध्ये काम केले तसे कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये देवकी बोस यांचा ‘राजरानी मीरा’ (१९३३) केला आणि ईस्ट इंडिया फिल्म कंपनीत त्यांचाच ‘सीता’ (१९३४). ‘सीता’ व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला; त्यात पृथ्वीराज कपूर राम होते. १९३७ च्या सुमारास ‘साथी’च्या निमित्ताने दुर्गाबाई निर्मितीतही उतरल्या.

करार स्वतः करणाऱ्या माणसाला भूमिका नाकारता येते. पगारी नटीला ही मुभा नव्हती. दुर्गाबाईंच्या पुढच्या दहा वर्षांतील भूमिकांकडे पाहिले की या स्वातंत्र्याचा त्यांनी काय उपयोग केला ते दिसते. सोशिक पतिव्रता हा त्या काळचा हमखास चालणारा साचा होता, आणि तारामती व सीता करून त्या साच्यात त्या पक्क्या बसल्याही होत्या. तिथेच थांबल्या असत्या तर कुणी बोल लावला नसता. पण शांतारामांच्या ‘अमरज्योती’ (१९३६) मध्ये त्या सौदामिनी झाल्या. स्वतःच्या मुलाचा ताबा कायद्याने नाकारला गेल्यावर ही स्त्री राज्याविरुद्ध उठते आणि समुद्रावर चाच्यांची टोळी उभारते. आईपणाचा हक्क मागणारी स्त्री पडद्यावर आधी दिसली असेल, पण ती रडत दिसे. सौदामिनी हातात शस्त्र घेऊन जहाजावर उभी राहिली. सौदामिनीच्या सूडाला दुर्गाबाईंनी थंडपणा दिला, आणि त्यामुळे तो अधिक भयंकर झाला.

१९४१ साली आचार्य अत्र्यांच्या ‘पायाची दासी’त त्या सुनेचा छळ करणाऱ्या सासू झाल्या. वय छत्तीस, सुनेच्या भूमिकेत वनमाला. नायिकेच्या वयाची नटी आपणहून सासू होते ही आजही विरळा गोष्ट आहे. लगेच पुढच्या वर्षी विजय भट्ट यांच्या ‘भरत मिलाप’मध्ये त्या कैकेयी झाल्या. आठ वर्षांपूर्वीची सीता आता सीतेला वनात धाडणारी झाली होती, आणि प्रेक्षकांनी दोन्ही मान्य केल्या. १९४३ साली सोहराब मोदींच्या ‘पृथ्वीवल्लभ’मध्ये मृणालवती आली. कन्हैयालाल मुनशींच्या कादंबरीतील ही राजकन्या बंदी केलेल्या मुंज राजाचा मानभंग करायला निघते आणि त्याच्यावरच मन जडवून बसते. सत्ता चालवणारी, चुकणारी, वाकणारी स्त्री एकाच भूमिकेत दाखवायची होती. दुर्गाबाईंचे चित्रपटातले सर्वोत्तम काम कोणते, असे विचारले तर बोट ‘अमरज्योती’ ते ‘पृथ्वीवल्लभ’ या सात वर्षांवर ठेवावे लागते. प्रभातच्या ‘हम एक हैं’ (१९४६) मध्ये वेगवेगळ्या धर्मांच्या मुलांना एका घरात वाढवणारी जमीनदारीण त्यांनी केली; देव आनंदचे पदार्पण याच चित्रपटातले. इथून पुढे चित्रपटाने त्यांना आई ठरवून टाकले.

पन्नाशीकडे झुकलेल्या नटीला मोठी भूमिका द्यायला चित्रपट राजी नव्हता. रंगभूमी राजी होती. खरे तर बोलपटानेच मराठी रंगभूमीची दैना केली होती. तिसाच्या दशकात एकामागून एक नाटक मंडळ्या बंद पडल्या. खुद्द बालगंधर्वांनी ‘धर्मात्मा’ (१९३५) साठी प्रभातचा रस्ता धरला. ही पडझड सावरण्याचे मोठे काम गिरगावातल्या मुंबई मराठी साहित्य संघाने केले. डॉ. अमृत नारायण भालेराव यांच्या धडपडीतून संघाचे नाट्यमहोत्सव उभे राहिले आणि दुर्गाबाई त्यांत सामील झाल्या. भारतीय जननाट्य संघाशीही त्यांचा संबंध आला होता. इथे मानधन चित्रपटाच्या पासंगालाही पुरणारे नव्हते. उपजीविका म्हणून पडद्यावर आलेल्या या बाईंनी रंगभूमी केली ती मात्र निव्वळ कामाच्या ओढीने.

खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’त त्या आनंदीबाई झाल्या. नारायणराव पेशव्यांच्या खुनावरचे हे नाटक जुन्या नाटक मंडळ्यांच्या काळातले. तेव्हा आनंदीबाई पुरुष नट रंगवत. तारामतीच्या बाबतीत पडद्यावर घडले ते इथे रंगमंचावर घडले. ‘ध’चा ‘मा’ करणारी म्हणून मराठी मनाने ठरवून टाकलेली ही कृष्णकृत्यांची बाई. पुरुषाने रंगवली की ती बहुधा कपटाची मूर्ती होई. स्त्रीच्या अंगी आली की नवऱ्याच्या दुबळेपणाला कंटाळलेली, हाती काहीच नसताना सगळे हवे असलेली बाईही तिच्यात दिसू लागते. शिरवाडकरांनी ‘मॅक्बेथ’वरून रचलेल्या ‘राजमुकुट’मध्ये त्यांना याच जातीची भूमिका मिळाली. आनंदीबाई आणि लेडी मॅक्बेथ या दोघी सख्ख्या बहिणी म्हणाव्यात इतक्या जवळच्या आहेत : दोघींनाही सत्ता नवऱ्याच्या हातूनच गाठावी लागते, आणि रक्ताचे शिंतोडे मात्र त्यांच्या पदरावर राहतात. सौदामिनीपासून निघालेली वाट इथवर येते. शिरवाडकरांच्याच ‘वैजयंती’ आणि ‘कौंतेय’मध्येही त्यांनी कामे केली. १९५८ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. दुर्गाबाईंचे नाव काढले की लोकांना ‘मुघल-ए-आझम’मधली जोधाबाई आठवते. ज्या प्रयोगांनी त्यांच्यातल्या अभिनेत्रीला पुरते वापरले, त्यांचे चित्रण आज पाहायला मिळत नाही, ही मराठी रंगभूमीची मोठी हानी आहे.

जोधाबाई मात्र खरोखरच मोठी आहे. के. आसिफ यांच्या ‘मुघल-ए-आझम’ (१९६०) मध्ये अकबराच्या भूमिकेत पृथ्वीराज कपूर होते. सव्वीस वर्षांपूर्वीचे राम आणि सीता इथे बादशहा आणि मलिका म्हणून समोरासमोर आले. सम्राट आणि शहजादा यांच्या गर्जनांत या आईला आवाज चढवायला जागाच नाही. नवरा आणि मुलगा यांच्यामध्ये चिरडली जाणारी ही बाई दुर्गाबाईंनी डोळ्यांनी आणि थांबण्यांनी केली. जेम्स आयव्हरी यांच्या ‘द हाउसहोल्डर’ (१९६३) मधील शशी कपूरची आई अगदी वेगळी, घरगुती, कुरकुरणारी. बाकी आया, आज्या, मावश्या पुष्कळ झाल्या. ‘बॉबी’तली गोव्याची मिसेस ब्रॅगांझा त्यांतली एक, आणि ‘बिदाई’ (१९७४) मधील आईला फिल्मफेअरचा सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. या भूमिकांनी त्यांना घरोघर पोहोचवले, पण त्यांच्या कुवतीच्या मानाने त्या लहानच होत्या. १९६८ साली पद्मश्री आणि १९८३ साली दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला.

आई-आजीच्या भूमिकांवर विसंबून राहणे त्यांच्या स्वभावात नव्हते. अनुबोधपट आणि जाहिरातपट काढणाऱ्या फॅक्ट फिल्म्स आणि नंतर दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स या संस्थांतून त्यांनी कॅमेऱ्यामागचा व्यवसाय उभारला. खासगी आयुष्यात सुखाला तोटाच होता. धाकटा मुलगा हरीन अकाली गेला; त्याची पत्नी विजया जयवंत म्हणजे पुढच्या विजया मेहता, ज्यांच्या ‘रंगायन’ने साठच्या दशकात मराठी नाटकाला नवे वळण दिले.

उतारवयात दुर्गाबाई अलिबागला राहायला गेल्या आणि तिथे त्यांनी ‘मी, दुर्गा खोटे’ हे आत्मचरित्र लिहिले. ते १९८२ साली प्रसिद्ध झाले. शांता गोखले यांनी पुढे त्याचा इंग्रजी अनुवाद केला. बारा वर्षे आधी आलेल्या अभिनेत्री हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मचरित्राशेजारी ते ठेवले की दोघींच्या वाटा किती निराळ्या होत्या ते कळते. हंसाबाई कलावंत घराण्यातल्या, लहानपणीच कामाला जुंपलेल्या. करार, पैसा, संसार यांतले काहीच त्यांच्या हाती राहिले नाही. दुर्गाबाईंना शिक्षणाने आणि घराण्याने व्यवहाराची भाषा दिली होती. घराण्याचा खरा उपयोग त्यांना झाला असेल तर तो इथे. कागदावरचा मजकूर वाचून, रक्कम ठरवून सही करता येणे ही त्या काळच्या बहुसंख्य नट्यांना न मिळालेली गोष्ट होती.

१९८८ साली दूरदर्शनवर ‘वागले की दुनिया’ सुरू झाली. आर. के. लक्ष्मण यांच्या सामान्य माणसावर बेतलेली, कुंदन शाह यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची. अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर यांनी उभे केलेले मुंबईतले ते मध्यमवर्गीय जोडपे देशभर घरचे झाले. संस्थेला ज्यांचे नाव होते त्या दुर्गाबाई तेव्हा त्र्याऐंशी वर्षांच्या होत्या.