दोन हजारांचा जाब

“भरून टाक. वेग होता का नव्हता, हे आता तुला विचारतंय कोण?” दाजी सहज बोलून गेले. त्यांना माझी समजूतच घालायची होती. पण त्या वाक्याचा उत्तरार्ध काही केल्या मनातून जात नाही.

चलान साधंच होतं. एका घाटातला उतार, मर्यादा ६०, नोंदलेला वेग ७४, गाडीचा मागून काढलेला फोटो, रक्कम दोन हजार. मोबाइलवर ते आलं तेव्हा महिना उलटून गेला होता. त्या दिवशी मी त्या रस्त्यानं गेलो होतो, एवढं नक्की. त्या उतारावर, त्या मिनिटाला काटा कुठे होता, हे मात्र मला सांगता येणार नाही. महिन्यानंतर ते कोणालाच सांगता येत नसावं.

भरायचं हे माझंही ठरलेलंच होतं. चलान आलं की यंत्रणेच्या नावानं बोटं मोडणाऱ्यांतला मी नाही. आपल्या रस्त्यांवर काय चाललं आहे ते रोजच्या पेपरात असतं. एकच आकडा सांगून पुढे जातो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यांवर मेली आणि त्यातल्या ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यूंची नोंद अतिवेगाखाली झाली. ज्याच्या घरातलं माणूस असं गेलं, त्याच्यासमोर कॅमेऱ्यांबद्दल कुरकुर करायची माझी तरी छाती नाही. म्हणून आजवर मी असंच मानत आलो की मुकाट्यानं दंड भरणं हे चांगल्या नागरिकाचं लक्षण आणि चलान घेऊन कोर्टात जाणं म्हणजे पळवाट शोधणं.

मग दाजींचं बोलणं खुपावं का? ते खरं आहे म्हणून. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली रक्कम भरली की प्रकरण मिटतं. मिटतं, पण ठरत काहीच नाही. मी वेगात होतो असा निर्णय कोणी देत नाही, नव्हतो असाही नाही. पैसे जमा होतात, नोंद पुसली जाते आणि प्रश्न विचारायचा राहून जातो. असं वर्षानुवर्षं, लाखो वेळा झालं, तर शेवटी तो प्रश्न विचारायचा असतो हेच सगळ्यांच्या विस्मरणात जाईल.

बचावाचे दोन प्रकार असतात, असं मी नेहमी म्हणत आलो आहे. एक खरेपणाचा: वेग एवढा नव्हता, गाडी माझी नव्हती, आजारी माणसाला घेऊन दवाखान्यात चाललो होतो. दुसरा कागदाचा: तुमची नोटीस उशिरा आली, दाखला जोडलेला नाही, सही चुकीच्या माणसाची आहे. पहिला मानानं करावा, दुसरा वकिलांवर सोडून द्यावा. गुन्हा घडला होता आणि तरी कागदावर सुटलो, असं सांगणाऱ्या माणसाबद्दल मला कधी आदर वाटला नाही. माझ्याकडे खरेपणाचा बचाव नव्हता, कारण आठवणच नव्हती. राहिला कागदाचा, आणि तो करायची माझी इच्छा नव्हती.

दाजींचा मुद्दा वेगळा आणि जास्त भक्कम होता. ते बांधकाम खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झाले. उभा जन्म रस्त्यांवर गेला. त्यांनी हिशेबच मांडला. ६० वरून ७४ वर गेलास की वेग चौथ्या हिश्शाच्या आतबाहेर वाढतो, पण धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणजे दीडपट होते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग ९४.५ किलोमीटरचा. तो सबंध १०० ऐवजी ११० नं कापलास तरी वाचणार पाच मिनिटं. यंत्राचं म्हणशील, तर रस्त्याच्या कडेला तिरपं लावलेलं रडार वेग असतो त्यापेक्षा किंचित कमीच दाखवतं, म्हणजे तो कोन चालकाच्याच फायद्याचा. आणि तुझ्या गाडीतला काटा खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच दाखवतो, गाड्या तशाच बनवतात. तेव्हा तुला ६० वाटत असताना यंत्राला ७४ दिसले, ही गोष्ट विसर.

यातलं सगळं मला मान्य आहे. मर्यादा कशी ठरते हे त्यांच्याकडून ऐकण्यासारखं असतं. मोकळ्या रस्त्यावर, कोणी अडवत नसताना, शंभर गाड्यांचे वेग मोजायचे. त्यातल्या पंच्याऐंशी गाड्या ज्या वेगाच्या आत असतात तो वेग मर्यादेचा आधार धरायचा. ही जगभरची जुनी पद्धत, आपल्याकडेही अभियांत्रिकीच्या मुलांना शिकवतात. मला तिच्यातली कल्पना फार आवडते. बहुतेक माणसं शहाणपणानं गाडी चालवतात, असा विश्वास तिच्या मुळाशी आहे. पण दाजी लगेच तिची हद्दही सांगतात. चालक रुंदी बघून वेग ठरवतो, वळणापलीकडचं त्याला दिसत नाही. घाटात तर भरलेला ट्रक खालच्या गिअरमध्ये रांगत असतो आणि मागून मोटार येते सपाटीच्या सवयीनं. तिथे जीव जातो तो दोन वेगांमधल्या फरकानं. म्हणून घाटातली मर्यादा लोकांच्या सवयीवर सोडता येत नाही, ती वरून घालावी लागते. आणि जी मर्यादा चालकाच्या अंदाजाविरुद्ध घालायची, तिची पाटी त्याला दिसायलाच हवी. हे मी म्हणत नाही, कायदा म्हणतो: कलम ११२ प्रमाणे राज्य सरकारला मर्यादा कमी करता येते, पण पाट्या लावून.

इथे मला पहिल्यांदा वाटलं की कागदाच्या बचावाबद्दलचं आपलं मत तपासून बघावं. पाटी होती का नव्हती, हा कागदाचा मुद्दा की खरेपणाचा?

कायदा उघडून बसलो. कलम १८३ चं तिसरं पोटकलम म्हणतं की केवळ एका साक्षीदाराच्या मतावरून अतिवेगाची शिक्षा देता येणार नाही. त्या मताला यंत्रानं केलेल्या मोजणीचा आधार हवा. कायद्याला माणसाच्या नजरेवर भरवसा नाही, आणि ते योग्यच आहे. रस्त्याकडेला उभं राहून ६० आणि ७४ मधला फरक कोणाला कळणार? पण याचा अर्थ असा की या खटल्यात साक्षीदार यंत्रच आहे. माणूस साक्षीला उभा असेल तर त्याची उलटतपासणी घेता येते: तुम्ही कुठे उभे होता, चष्मा होता का, उजेड किती होता. यंत्राला हे कसं विचारणार? त्याची तपासणी शेवटची कधी झाली, कोणी केली, बाजूच्या लेनमधून दुसरी गाडी जात असताना मोजलेला वेग नेमका कोणाचा धरला, एवढंच विचारता येतं. आणि या प्रश्नांची उत्तरं कागदावरच असतात.

ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम आला, तो याच जाणिवेनं. त्यात होतं की यंत्राला अचूकतेचा दाखला हवा आणि तो दरवर्षी नव्यानं घ्यावा. पुढे कॅमेरा आहे अशी पाटी आधी लागलेली असावी. नोटीस पंधरा दिवसांत जावी. आणि चलानासोबत फोटो, मोजलेला वेग, वेळ, ठिकाण, कलम यांच्याबरोबर इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र असावं. पूर्वी ही यादी मी वकिलांची खाण म्हणून वाचली असती. आता ती वाचताना कळतं की पंधरा दिवसांची अट माझ्या आठवणीसाठी आहे. पंधरा दिवसांच्या आत विचारलं असतं तर मी कदाचित सांगू शकलो असतो की पुढे ट्रक होता, मागे रुग्णवाहिका होती, किंवा हो, वेगात होतो. महिन्यानं विचारणं म्हणजे माझ्या बाजूची साक्ष काढून घेऊन मग विचारणं.

दाजींना हे सांगितलं. ते म्हणाले, “यंत्र सरकारी आहे, तपासलेलंच असणार.” इथे मात्र मी त्यांचं ऐकणार नाही. भाजीवाल्याच्या वजनकाट्यावर वैधमापन खात्याची मोहोर लागते. पाव किलो मिरच्या मोजणाऱ्या काट्यावर समाजानं आंधळा विश्वास ठेवला नाही. निरीक्षक जातो, पडताळतो, शिक्का मारतो. वेग मोजणाऱ्या रडारला तशी पडताळणी आणि मोहोर देशभर सक्तीची झाली ती १ जुलै २०२५ पासून, वैधमापन नियमांत दुरुस्ती झाल्यावर. म्हणजे सरकारनंच मान्य केलं की ‘तपासलेलं असणार’ एवढ्यानं भागत नाही. जो दाखला द्यायला सरकार बांधील आहे, तो मागणाऱ्याला पळपुटा का म्हणायचं?

त्यांचा शेवटचा प्रश्न अवघड होता. “उद्या सगळेच कोर्टात गेले तर?” कोर्टातली गर्दी सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या दोन हजारांसाठी न्यायाधीशांनी अर्धा तास दिला तर पोटगीसाठी थांबलेल्या कोणा बाईची तारीख पुढे जाईल. नियमाप्रमाणे दाखला चलानासोबतच आला तर कोणी कोर्टात जाणार नाही, असं मी म्हणालो. पण त्या बाईपुढे हे उत्तर तोकडं आहे, हे मलाही दिसतं.

मग एका सकाळी मी नुसता कोर्टात जाऊन बसलो. दालनाबाहेर दिवसाचा बोर्ड लावलेला. शिपाई पुकारा करतो, माणूस आत जातो, “गुन्हा कबूल आहे?” “हो साहेब.” रक्कम सांगितली जाते, माणूस बाहेर. एक टेम्पोवाला आला, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून आणलेले. तो म्हणाला, “साहेब, पाटी झाडामागं होती, दिसलीच नाही.” न्यायाधीशांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “केस चालवायची का? तारीख देतो.” तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन थरथरू लागला. त्यानं नाव बघितलं, फोन बंद केला. “नको साहेब, कबूल.” बाहेर येऊन त्यानं पहिला फोन मालकाला लावला.

त्याचा बचाव माझ्यापेक्षा किती तरी चांगला होता. कलम ११२ त्याच्या बाजूनं उभं राहिलं असतं. पण एका तारखेला त्याची एक दिवसाची मजुरी जाते, दोन तारखांना दोन दिवसांची. हलक्या वाहनाला कायद्यानं दंड १,००० ते २,०००. त्याच्यासाठी लढणं हरण्यापेक्षा महाग. मला तसं नाही. माझा एक दिवस बुडाला तर घरात काही अडत नाही. झाडामागची पाटी आणि न तपासलेलं यंत्र यांबद्दल कोणी तरी विचारायचंच असेल, तर ज्याला विचारणं परवडतं त्यालाच विचारावं लागेल, आणि तो मी आहे. चांगला नागरिक मुकाट्यानं भरतो, हे माझं मत तिथे बाकावर बसल्या बसल्या गळून पडलं.

लोकअदालतीचा मार्गही आहे. तिथे दोन्ही बाजू राजी असतील तरच निवाडा होतो, आणि झाला की त्यावर अपील नाही. जमिनीच्या, नुकसानभरपाईच्या वादांत तिनं लोकांची वर्षं वाचवली आहेत. पण इथे तडजोड कसली करायची? वेग ७४ होता किंवा नव्हता. होता, तर पूर्ण रक्कम देणं लागतो. नव्हता, तर एक रुपयाही नाही.

तेव्हा मी कोर्टात जाणार आहे, वकील न करता. गुन्हा नाकबूल म्हणायचं आणि तीन गोष्टी मागायच्या: त्या यंत्राचा त्या तारखेला चालू असलेला दाखला, मूळ फोटो ज्यात बाजूच्या लेन दिसतात, आणि उतारावरच्या पाटीची जागा. नोटिशीला झालेला उशीर मांडेन, पण तेवढ्यावर सुटका मागणार नाही. दाखला बरोबर निघाला, फोटोत माझी एकटीच गाडी असली आणि पाटी जागेवर असली, तर त्याच दिवशी कबुली देऊन खिडकीवर पैसे भरेन. दाजींना हे पटलेलं नाही. पण घाटातल्या पाट्या बघायला बरोबर यायला ते तयार झाले आहेत.