न जुळणारा अंगठा

शिमगा जवळ आला की रत्नागिरीच्या बाजारात ओले काजूगर दिसू लागतात. उसळ करणारे भाव ऐकून कुरकुरतात आणि तरी घेतात. ते सोलणाऱ्या बाईच्या बोटांकडे सहसा कोणी पाहत नाही. काजू हा आंब्याचा आणि बिब्ब्याचा भाऊबंद. त्याच्या हिरव्या बीच्या सालीतला चीक बिब्ब्यासारखाच उततो. राख लावा, तेल लावा, हंगाम सरता सरता बोटांची टोके काळवंडतात आणि कातडी सोलवटते. हीच बाई रेशन दुकानात मशीनवर बोट ठेवते तेव्हा तिला ऐकू येते, ‘थंब लागत नाही. दुसरे बोट लावा.’ दुसरेही लागत नाही. मागची रांग चुळबुळू लागते आणि बाई ओशाळते, जणू तिनेच काही लबाडी केली.

यंत्राने सांगितलेले असते ते हाताबद्दल. ऐकले जाते ते माणसाबद्दल. बोटाचा ठसा जुळला नाही तर ‘ही तीच बाई का?’ असे विचारायचे आपल्याला शिकवले आहे. ‘हिच्या बोटांना काय झाले?’ हा प्रश्न कोणाच्याच कामाच्या यादीत नाही.

हे शिक्षण जुने आहे. १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याच्या सामानाचा करार करताना राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या हाताचा ठसा घेतला. उद्या हा माणूस सही नाकारील, ही त्यामागची धास्ती. पुढे १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचे स्वतंत्र कार्यालय निघाले. तिथली वर्गीकरणाची पद्धत एडवर्ड हेन्रीच्या नावाने जगभर गेली. तिच्यामागची मेहनत मुख्यतः अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांची होती. म्हणजे ठशाची विद्या याच भूमीवर वाढली, आणि ती संशयाच्या पोटी जन्मली. माणूस खोटे बोलेल, बोट बोलणार नाही, हा तिचा पाया. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिले आधार क्रमांक दिले गेले. तिथे हेतू कल्याणाचा होता, पण बोटाकडे पाहण्याची नजर तीच राहिली.

या नजरेला एक शास्त्रीय आधार आहे आणि तो बऱ्याच अंशी खराही आहे. बोटांवरच्या रेषा गर्भात तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून घडतात. त्यांचा साचा कातडीच्या खोल थरात असतो, म्हणून वरची साल गेली तरी नवी त्याच नक्षीची येते. पण साचा टिकणे वेगळे आणि काचेवर ठसा उमटणे वेगळे. हाताचा इसब, सोरायसिस, कातडी ताठरवणारा स्क्लेरोडर्मा, कुष्ठरोगात बधिर झालेल्या बोटांना नकळत होणारे भाजणे-कापणे, यांपैकी कशानेही ठसा पुसट होऊ शकतो. मलेशियातल्या एका अभ्यासात हाताचा इसब असलेल्या १०० रुग्णांपैकी २७ जणांचे ठसे जुळले नाहीत. तसा आजार नसलेल्या १०० जणांत हे फक्त दोघांच्या बाबतीत घडले. कॅपेसिटाबीन या कर्करोगावरच्या गोळीने तळहात लाल होऊन सोलतात. ती घेणाऱ्या सिंगापूरच्या ६२ वर्षांच्या गृहस्थाला डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या विमानतळावर चार तास अडवून ठेवले होते, कारण त्याच्या बोटांना ठसेच उरले नव्हते. त्याच्या डॉक्टरांनी हे वैद्यकीय नियतकालिकात लिहिले आणि अशा रुग्णांनी प्रवासात डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवावी, असे सुचवले.

तर मग ठसा पाहून रोग ओळखता येईल का? हा मोह वैद्यकालाही पडला होता. १९७० साली काही ब्रिटिश डॉक्टरांनी सीलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतडे बिघडण्याचा आजार, असलेल्यांची बोटे तपासली. बहुतेकांच्या रेषा झिजलेल्या दिसल्या. तरी ठसा ही त्या रोगाची चाचणी बनली नाही. आजही निदान होते ते रक्तातली प्रतिद्रव्ये पाहून आणि आतड्याचा तुकडा तपासून. ते योग्यच आहे. पुसट ठसा कोणत्याही एका रोगाचे नाव सांगत नाही. तो नुसते वयही सांगेल, नुसते कामही सांगेल. म्हणून त्याला निदान म्हणणे चूक. पण विचारपूस करण्याचे कारण म्हणून तो पुरेसा आहे.

रत्नागिरीत अशी कारणे पावलोपावली आहेत. मिरकरवाड्याला बर्फाच्या पाण्यात कोळंबी सोलणारे हात, चिरेखाणीत जांभ्याचे खरखरीत चिरे उचलणारे हात, आंब्याच्या चिकाने भाजलेले हात. दिवसभर ओले राहणारे हात इसबाला आमंत्रणच देतात. त्यात इथल्या घरांची घडी. कर्ते मुलगे-सुना मुंबईला, गावी म्हातारी माणसे. कार्डावर नावे सहा असली तरी दुकानापर्यंत चालत जाणारे बोट एकच, आणि तेच सर्वांत झिजलेले. ‘घरातल्या दुसऱ्या कोणाचा थंब लावा’ हा सल्ला अशा घरात चाकरमान्यांच्या गणपतीच्या सुट्टीपुरताच उपयोगी.

कागदावर वाटा ठेवलेल्या आहेत. केवळ ठसा जुळला नाही म्हणून पात्र माणसाला धान्य नाकारू नये, असे केंद्राने ऑक्टोबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले. डोळ्यांच्या बुबुळांवरून ओळख पटवता येते. पेन्शनीसाठीचा हयातीचा डिजिटल दाखला २०१४ पासून बोटावर मिळू लागला, २०२१ पासून चेहऱ्यावरही मिळतो. या सोयींनी त्रास वाचतो हे मान्यच केले पाहिजे. मात्र त्या बोटाला वगळून पुढे जातात. चेहरा जुळला, काम झाले, आणि सोलवटलेला हात पुन्हा कोळंबीत गेला. यंत्राने चुकून का होईना एक वैद्यकीय निरीक्षण केले होते. तेही पुसले गेले.

मग ते जपून ठेवावे का? ज्यांचे ठसे वारंवार उमटत नाहीत त्यांची यादी थेट आरोग्य खात्याला द्यावी, असे सुचवणे सोपे आहे. मला ते धोक्याचे वाटते. रत्नागिरीत एकोणिसाव्या शतकात दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून कुष्ठरुग्णांसाठी इस्पितळ उभे राहिले. तो दयेचा भाग झाला, पण रोगाचे नाव लागलेल्या माणसाला गावाने कसे वागवले हेही कोकणाला ठाऊक आहे. रोग्यांची यादी आधी विमा कंपनीच्या, मुकादमाच्या, सोयरीक जुळवणाऱ्याच्या हाती पडेल आणि डॉक्टरपर्यंत सर्वांत शेवटी पोहोचेल. संशयाच्या जागी पाळत आणून हाताचे काही भले होत नाही.

मला हवे आहे ते याहून साधे आणि म्हणूनच कदाचित अवघड आहे. बोट न जुळलेल्याला धान्य, पेन्शन जे असेल ते त्याच दिवशी, त्याच रांगेत मिळावे. पुरावा आणण्याचे ओझे त्याच्यावर नको. त्यानंतर दुकानदाराने एवढेच म्हणावे, ‘हात एकदा आरोग्य केंद्रात दाखवा.’ जायचे की नाही हे त्या माणसाने ठरवावे. गेला तर तिथल्या डॉक्टरने बधिरपणा तपासावा, साखर तपासावी, कोणते काम करता, कोणती गोळी चालू आहे हे विचारावे. कोळंबी सोलून घेणाऱ्या मालकाने हातमोजे द्यावेत, म्हणजे बऱ्याच हातांवर ही वेळच येणार नाही.

क्रम मात्र उलटता कामा नये. आधी औषध, मग ओळख, मग धान्य असे झाले तर आजार हाच गुन्हा ठरतो. भुकेल्याला आपला रोग सिद्ध करून जेवण मिळवावे लागत असेल, तर ती तपासणी काळजीची नसते. हर्शेलच्या कराराचीच ती पुढची आवृत्ती असते.