पथ्य कोणाचे?

'पथ्य' हा शब्द 'पथ'पासून आला आहे. वाटेला धरून असणारे, वाटचालीत हितकारक ठरणारे, ते पथ्य. यकृताच्या जुनाट विकारात ही वाट फार लांबची असते. तापाचे पथ्य आठवड्याभरात संपते. यकृताचे पथ्य बहुधा जन्मभर सोबत करते. म्हणूनच येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो : हे पथ्य सांभाळण्याची जबाबदारी एकट्या रोग्याची, की त्याच्या पंक्तीला बसणाऱ्या सर्वांची?

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. यकृत बिघडले म्हणताच आपल्या मनात दारूचा संशय येतो. माहीम-केळव्याच्या किनाऱ्यावर ताडी-माडीचा परिचय जुना आहे आणि दारूने यकृताचा नाश होतो, हे सत्य झाकण्यात अर्थ नाही. परंतु 'ब' आणि 'क' प्रकारच्या काविळीचे विषाणू, मधुमेह आणि स्थूलता हीदेखील यकृतविकाराची मोठी कारणे आहेत. १९८२ साली चित्रीकरणात जबर जखमी झालेल्या अमिताभ बच्चन यांना दिलेल्या रक्तातून 'ब' विषाणूची लागण झाली. त्यामुळे आपल्या यकृताचा सुमारे ७५ टक्के भाग निकामी झाल्याचे त्यांनी पुढे स्वतः जाहीरपणे सांगितले. रोग्याकडे पाहून त्याच्या पापांचा हिशेब मांडणे किती अन्यायाचे आहे, हे यावरून ध्यानात यावे. आणि दारूनेच यकृत गेलेले असले, तरी त्या माणसाला उपदेशाआधी आधार लागतो.

आता पथ्याचे स्वरूप पाहू. यकृतात चरबी साचली असेल, तर वजन उतरवणे हा मुख्य उपाय. शरीराचे वजन ५ टक्क्यांनी घटले, तरी चरबी कमी होऊ लागते. ७ ते १० टक्के घटल्यास यकृताची सूजही उतरू शकते. त्यासाठी भाताचा ढीग आवरावा, गोड पेये व तळण टाळावे, मद्य वर्ज्य करावे, रोज झपाझप चालावे. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना चालण्यासाठी वाळूची वाट फुकट मिळालेली आहे.

मात्र यकृत आक्रसून कठीण झाले, म्हणजे सिरॉसिस झाला, की हे सूत्र पुष्कळसे बदलते. तेथे उपासमार घातक ठरते. देह आपलेच स्नायू जाळू लागतो. म्हणून वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने आणि झोपण्यापूर्वी थोडे खाणे असा सल्ला दिला जातो. पोटात पाणी झाल्यास दिवसाचे एकूण मीठ चहाच्या एका सपाट चमच्याच्या, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत ठेवावे लागते. मग खारवलेली मासळी, पापड, लोणचे ताटातून जातात. ताजी मासळी चालते, पण कच्ची वा अर्धकच्ची कालवे मुळीच नाहीत. अशा रोग्याने प्रायश्चित्तकाळातही लांबचा उपवास करू नये. आजाऱ्यावर उपवासाचे बंधन नाही; त्याने प्रार्थनेने वा दानाने तो काळ पाळावा. अर्थात प्रत्येकाचे पथ्य त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

हे सारे सांगणे सोपे आहे. पाळणे अवघड होते, ते बहुधा आपल्या आग्रहामुळे. "मामा, आज पोरीचं लग्न आहे, एक घोट घ्या!" "एका दिवसानं काय होतंय?" आग्रह करणाऱ्याच्या मनात प्रेमच असते. पण नकार देणाऱ्याला प्रत्येक वेळी चारचौघांत आपला आजार उघडा करावा लागतो, हे त्याच्या ध्यानात येत नाही. तारापूरच्या कारखान्यातून रात्रपाळी करून पहाटे घरी परतणाऱ्याची वेगळीच अडचण असते. त्याच्या वेळेला साजेसे अन्न कोणी झाकून ठेवले नसेल, तर तो वाटेवरच्या वडापाववरच भूक भागवणार.

यावर कोणी म्हणेल, रोगी सज्ञान आहे. त्याच्या ताटावर घरच्यांनी पहारा का ठेवावा? आक्षेप रास्त आहे. पहाऱ्याने माणूस अपमानित होतो आणि चोरून खाऊ लागतो. पण पहारा ठेवणे वेगळे आणि साऱ्या घराने आपल्या कालवणातले मीठ कमी करणे वेगळे. पहिल्यात रोगी एकटा पडतो. दुसऱ्यात त्याला वेगळे वाढावे लागत नाही. करिंथ येथील मंडळीपुढे मूर्तींना वाहिलेल्या मांसाचा प्रश्न होता. ते खाण्यात संत पौलाला स्वतःपुरता दोष दिसत नव्हता. तरीही आपल्यामुळे दुर्बल बांधव अडखळणार असेल, तर मांसच सोडण्याची त्याची तयारी होती. तेथे प्रश्न सदसद्विवेकबुद्धीचा होता, येथे देहाचा आहे. परंतु सबळाने दुर्बळासाठी आपला हक्क सोडावा, हा विचार दोन्हीकडे लागू पडतो.

निर्धार रोग्यालाच करावा लागेल, त्याच्या वतीने तो कोणी करू शकत नाही. पण तो टिकावा असे घर आणि अशी पंगत आपण देऊ शकतो. पुढच्या लग्नघरी एक भाजी कमी मिठाची ठेवावी, पेल्यांच्या शेजारी साखरेविना लिंबाचे पाणी ठेवावे आणि कोणी 'नको' म्हटले, तर कारण न विचारता पुढे जावे.