घराचे चित्र : साक्ष आणि वचन

विक्रीला काढलेल्या घराची संगणकावर तयार केलेली चित्रे दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात घर उभे असते. रिकाम्या खोलीचा फोटो काढून त्यात सोफा, पडदे, गालिचा, कुंड्या नंतर बसवल्या जातात. याला व्हर्च्युअल स्टेजिंग म्हणतात. दुसऱ्या प्रकारात घर अजून व्हायचे असते. वास्तुविशारदाच्या नकाशांवरून थ्रीडी मॉडेल तयार होते, भिंतींना रंग आणि फरशीला पोत दिला जातो, सूर्य हव्या त्या कोनात ठेवला जातो आणि व्ही-रे, लुमियन अशा सॉफ्टवेअरमधून ऊन-सावल्यांसह चित्र बाहेर पडते. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक इथल्या चालू प्रकल्पांच्या ब्रोशरमधले एलिव्हेशन, होर्डिंगवरचा पोहण्याचा तलाव आणि मोबाइलवर येणारा वॉकथ्रू हे सगळे या दुसऱ्या प्रकारात मोडते. सर्वसाधारण कुटुंबाच्या आयुष्यातली सर्वांत मोठी खरेदी घराची असते आणि तिचा पहिला निर्णय पुष्कळदा या चित्रावरच होतो. परदेशी राहून पुण्यात फ्लॅट बुक करणाऱ्या मराठी माणसाला तर साइटवर जाण्याआधी चित्राशिवाय दुसरा आधारच नसतो. त्यामुळे एक जुना तात्त्विक प्रश्न नव्या रूपात समोर येतो. जे अजून अस्तित्वातच नाही त्याचे चित्र खोटे असू शकते का? आणि जे आहे त्यावर चढवलेली सजावट फसवणूक केव्हा ठरते?

या प्रश्नाचे उत्तर तंत्रात सापडत नाही, कारण एकच तंत्र दोन्हीकडे चालते. रिकाम्या खोलीत पलंग दाखवला की ती खोली किती मोठी आहे याचा अंदाज येतो. त्यात ग्राहकाचे हितच आहे. पण तोच पलंग नेहमीच्या मापापेक्षा लहान काढला की नऊ फुटांची खोली अकरा फुटांची भासते. भिंतीवर चित्र टांगणे निर्दोष आहे, त्याच भिंतीवरचा ओलीचा डाग पुसणे निर्दोष नाही. बाल्कनीत खुर्ची ठेवता येते, पण बाल्कनीसमोरची शेजारची इमारत, विजेची तार किंवा नाला काढून टाकून तिथे हिरवी टेकडी उभी करता येत नाही. संगणकाला या सगळ्या कृती सारख्याच सोप्या आहेत. म्हणून भेद करायचा तो चित्र पाहणाऱ्याच्या मनात कोणते ज्ञान निर्माण होते, यावरून.

भारतीय दर्शनांनी सत्याचा विचार नेमका याच अंगाने केला आहे. न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण मानले आहे, पण ते आप्ताचे शब्द असतील तरच. न्यायसूत्रांवरील वात्स्यायनाच्या भाष्यानुसार आप्त म्हणजे ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच इतरांना सांगण्याची ज्याची इच्छा आहे. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या सर्वांना सारखेच लागू होते, असेही तो स्पष्ट करतो. याचा अर्थ आप्तत्व जन्मावर किंवा पदावर अवलंबून नाही आणि घर विकणाऱ्यालाही त्यातून सूट नाही. विकणाऱ्याने घर पाहिलेले असते, घेणाऱ्याने नसते. या विषमतेमुळेच विकणाऱ्याचे चित्र साक्षीच्या जागी उभे राहते.

योगसूत्रांवरील व्यासभाष्य आणखी पुढे जाते. आपले ज्ञान दुसऱ्याच्या मनात उतरवण्यासाठी वाणी वापरली जाते. म्हणून ती वंचना करणारी, भ्रमात टाकणारी किंवा काहीच बोध न देणारी असू नये, अशी सत्याची व्याख्या तिथे आहे. या व्याख्येत शब्दशः खरे असणे पुरेसे ठरत नाही. युधिष्ठिराने अश्वत्थामा मेल्याचे द्रोणांना सांगितले आणि हत्तीचा उल्लेख ऐकू जाणार नाही असा केला. शब्दांत खोट नव्हती. द्रोणांच्या मनात मात्र पुत्राच्या मृत्यूचे खोटे ज्ञान उत्पन्न झाले आणि तेच उत्पन्न व्हावे हा हेतू होता. महाभारत सांगते की जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा युधिष्ठिराचा रथ त्यानंतर खाली आला. पानभर झळकणाऱ्या तलावाखाली, चित्रे केवळ कल्पनाचित्रे असून प्रत्यक्षात बदल संभवतो, अशी बारीक अक्षरांतली ओळ छापणे याच जातीचे आहे. ओळ खरी असते, पण वाचली जाऊ नये अशाच बेताने ती छापलेली असते.

घराच्या विक्रीतले असे देखावे संगणकाच्या कितीतरी आधीपासून आहेत. रोमन तत्त्वज्ञ सिसेरो याने इ.स.पू. ४४ मध्ये लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथात सिसिली बेटावरच्या सिराक्यूज शहरातला एक व्यवहार नोंदवला आहे. कॅनियस नावाच्या रोमन गृहस्थाला तिथे बागेसह जागा हवी होती. पिथियस या सावकाराने त्याला आपल्या बागेत जेवायला बोलावले आणि कोळ्यांना त्या दिवशी बागेसमोरच मासेमारी करायला सांगून ठेवले. किनारा होड्यांनी भरला, ताजे मासे पिथियसच्या पायाशी येऊन पडू लागले, आणि सिराक्यूजचे सगळे मासे इथेच मिळतात, असे त्याने सांगितले. कॅनियसने मागितलेली किंमत देऊन सामानासकट ती जागा घेतली. दुसऱ्या दिवशी एकही होडी दिसली नाही. शेजाऱ्याला विचारले तेव्हा कळले की तिथे कोळी कधी येतच नाहीत आणि आदल्या दिवशी ते कसे आले याचे शेजाऱ्यालाही नवल वाटले होते. एक गोष्ट भासवायची आणि दुसरीच करायची, याला पुढे अक्विलियस या कायदेपंडिताने कपटाच्या दाव्याचे रूप दिले.

या व्यवहारात बाग खरी होती, होड्या खऱ्या होत्या, मासेही खरे होते. खोटी होती ती त्यांची जुळणी. त्यामुळे चित्रातला प्रत्येक घटक वेगवेगळा खरा आहे, हा बचाव टिकत नाही.

सिसेरो याच ग्रंथात स्टोइक पंथाच्या दोन आचार्यांचा वाद मांडतो. घरात रोगट हवा आहे, खोल्यांत साप निघतात, लाकूड कुजले आहे आणि हे फक्त मालकाला ठाऊक आहे. तर विकताना त्याने ते सांगावे का? बॅबिलोनचा डायोजेनिस म्हणतो, जबरदस्ती कोणी केलेली नाही. सुंदर आणि पक्के घर अशी जाहिरात करणाऱ्यालासुद्धा लोक फसव्या म्हणत नाहीत, मग गप्प राहणाऱ्याला का म्हणावे? टार्ससचा अँटिपॅटर म्हणतो, वाट चुकलेल्याला रस्ता न दाखवण्यापेक्षाही हे वाईट आहे, कारण इथे दुसऱ्याला जाणूनबुजून चुकीत ढकलले जाते. सिसेरोचा कौल दोष सांगण्याच्या बाजूने आहे. डायोजेनिसचा युक्तिवाद आजही बाजारात ऐकू येतो. थोडी अतिशयोक्ती सगळेच करतात आणि ग्राहकालाही ते कळते, असे म्हटले जाते. शब्दांतल्या स्तुतीपुरते ते एक वेळ मान्य करता येईल. सुंदर हा शब्द मत सांगतो आणि ऐकणारा त्याला मत म्हणूनच घेतो. फोटोसारखे हुबेहूब चित्र मात्र मत म्हणून घेतले जात नाही, डोळ्यांनी पाहिल्यासारखे स्वीकारले जाते. म्हणून चित्राची जबाबदारी शब्दापेक्षा जड आहे.

वेगवेगळ्या धर्मपरंपरा इथे आश्चर्यकारकपणे एका जागी येतात. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात भेसळीचा, निकृष्ट, वजनात कमी, दूर असलेला किंवा झाकलेला माल विकू नये असे सांगितले आहे. विकत घेणाऱ्याला वस्तू समोर आणि उघडी दिसली पाहिजे हा त्यातला आग्रह. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात घराची विक्री त्या घरासमोर, शेजारच्या कुटुंबांच्या उपस्थितीत, सीमा जशाच्या तशा सांगून पुकारण्याची रीत आहे. हदीसमध्ये पैगंबरांनी बाजारातल्या धान्याच्या राशीत हात घातल्याचा प्रसंग येतो. आतले धान्य ओले लागले तेव्हा, लोकांना दिसेल असे ते वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. यहुदी परंपरेतल्या तालमूदने एक सूक्ष्म भेद केला आहे. जुनी भांडी रंगवून नव्यासारखी विकण्यास तिथे मनाई आहे, पण नव्या वस्तूची शोभा वाढवायला परवानगी आहे. सजावटीला विरोध नाही, दोष झाकण्याला आहे.

सर्वांत कठोर वर्गीकरण जैनांचे आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सलाच्या जागी नक्कल खपवणे, हा अचौर्यव्रताचा अतिचार, म्हणजे व्रताला लागणारा दोष, मानला आहे. त्याची गणना असत्यात न करता चोरीच्या अंगाने केली आहे, आणि ती मर्मावर बोट ठेवणारी आहे. फसव्या चित्रामुळे ग्राहकाच्या मनात चुकीची समजूत तर होतेच, पण जे मिळणार नाही त्याचे पैसेही त्याच्याकडून घेतले जातात. टेकडीच्या देखाव्यासाठी वाढवलेला प्रत्येक रुपया टेकडी नसेल तर चोरीचा आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप मायावादाचा आधार घेतो. सगळे जगच भास असेल तर एका चित्राच्या भासाला दोष का द्यावा? हा अद्वैताचा विपर्यास आहे. अद्वैत वेदान्तात पारमार्थिक, व्यावहारिक आणि प्रातिभासिक अशा सत्तेच्या तीन पातळ्या मानल्या आहेत. शिंपल्याच्या जागी चांदी दिसते ती प्रातिभासिक. शिंपला हातात आल्यावर तिचा बाध होतो, म्हणजे ती खोटी ठरते. घर, कर्ज, हप्ता, ताबा हे सगळे व्यवहाराच्या पातळीवरचे आहे आणि त्या पातळीवर खरे-खोटे यांचा भेद पूर्ण शाबूत आहे. ताबा घेण्याच्या दिवशी ज्या चित्राचा बाध होतो ते ब्रह्मज्ञानाची वाट न पाहता व्यवहारातच खोटे ठरते. दुसरा आक्षेप ग्राहकाच्या मोहावर बोट ठेवतो. मोह असतो हे खरे, पण मोह जागा करणारी सामग्री जाणून रचणाऱ्याचा दोष त्याने कमी होत नाही. देहूत वाण्याचा धंदा केलेल्या तुकारामांनीही धन मिळवण्याला नकार दिला नाही. ते चोख व्यवहाराने मिळवावे एवढीच अट घातली.

उभ्या घराचे चित्र साक्ष असते, तर न बांधलेल्या घराचे चित्र वचन असते. भविष्याबद्दलचे विधान आज खरे की खोटे हे ठरवता येत नाही. ते पाळले की मोडले एवढेच विचारता येते. म्हणून अशा चित्राची नैतिकता ते काढण्याच्या दिवशी संपत नाही, ताबा देईपर्यंत चालते. भारतीय कायद्याने हे तत्त्व स्वीकारले आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यात, म्हणजे रेरामध्ये, कलम १२ नुसार जाहिरात, माहितीपत्रक किंवा सॅम्पल फ्लॅट यांतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाला नुकसानभरपाई मिळते. व्यवहारातून बाहेर पडायचे असेल तर संपूर्ण रक्कम व्याजासह परत मिळते. कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. मंजूर आराखड्यात मोठे बदल करायचे तर कलम १४ नुसार दोनतृतीयांश ग्राहकांची संमती लागते. महाराष्ट्राच्या रेरा प्राधिकरणाने, म्हणजे महारेराने, १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड बंधनकारक केला, त्यामुळे चित्रावरून थेट नोंदणीच्या माहितीपर्यंत जाता येते. कौटिल्याच्या काळी शेजारी जी साक्ष देत, ती आता ही उघडी नोंद देते. उभ्या घरांच्या बाबतीत कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२६ पासून बदललेल्या फोटोसोबत तसे सांगणे आणि मूळ फोटो उपलब्ध ठेवणे सक्तीचे केले आहे.

या सगळ्यातून आचरणाचे काही नियम निघतात. उचलून बाजूला ठेवता येईल अशी वस्तू चित्रात घालता येते. भिंत, खिडकी, डाग आणि बाहेरचा परिसर यांना हात लावू नये. सामान खऱ्या मापाचे असावे. उभ्या घराच्या सजवलेल्या चित्राशेजारी मूळ फोटो तेवढ्याच आकारात असावा. न बांधलेल्या घराच्या चित्रात जे दाखवले ते करारात लिहिलेले असावे, आणि जे करारात नाही ते चित्रातून काढावे. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर इमारत होणार असेल तर ती चित्रातही दिसावी.

हे नियम पाळणारे चित्र कितीही देखणे असले तरी धर्माला धरून आहे. न पाळणारे चित्र कितीही हुबेहूब असले तरी अधर्म आहे. घर घेणाऱ्याने चित्र पाहावे, पण मंजूर नकाशा, मूळ फोटो आणि कराराचा मसुदा मागून घ्यावा, साइटवर जाऊन शेजाऱ्यांशी बोलावे. नकाशा, फोटो किंवा मसुदा दाखवायला विक्रेता तयार नसेल तर बुकिंगचा एक रुपयाही देऊ नये.