अंतर आणि सवड

साताऱ्याहून सांगली सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. सकाळी एस.टी.ने निघालेला मनुष्य कराड मागे टाकून दुपारच्या जेवणाला तेथे पोहोचतो. मुंबईहून लंडन विमानमार्गाने सुमारे 7,200 किलोमीटर. थेट विमानाला नऊ-दहा तास लागतात. म्हणजे आज लंडनमध्ये नोकरी करणारा मुलगा, मनात आणले तर, दीड-दोन दिवसांत सांगलीला आपल्या आईच्या उंबरठ्यावर उभा राहू शकतो. मग प्रश्न पडतो : अंतर घटले तसे आपले कर्तव्य वाढले काय?

'ख्रिस्तपुराण'कर्ते फादर थॉमस स्टीफन्स 4 एप्रिल 1579 रोजी लिस्बनहून गलबतात बसले आणि 24 ऑक्टोबरला गोव्यास उतरले. साडेसहा महिन्यांचा तो प्रवास! पुढच्याच महिन्यात त्यांनी वडिलांना पत्र लिहून त्याची हकिकत कळवली. 1619 साली त्यांनी याच भूमीत देह ठेवला. मायदेशी ते पुन्हा गेले नाहीत. वडिलांच्या अंतकाळी तू जवळ का नव्हतास, असे त्यांना कोण विचारील? समुद्रानेच त्यांच्या वतीने उत्तर दिले असते.

आपल्या वतीने उत्तर द्यायला आता समुद्र उरलेला नाही. जे अशक्य होते ते शक्य झाले आणि न जाणे हा आपला निर्णय ठरला. हे केवळ परदेशस्थांपुरते खरे नाही. सांगलीच्या आईला साताऱ्याचा मुलगाही वर्षवर्ष दिसत नाही. 'केव्हाही जाता येईल' या विश्वासातच न जाण्याचे मूळ असते. लूकच्या शुभवर्तमानातील श्रीमंत मनुष्य आणि लाजरस यांच्यामध्ये जेमतेम एका दाराचे अंतर होते; तेवढेही त्या श्रीमंताला ओलांडता आले नाही.

तथापि येथे न्यायबुद्धीही हवी. आखाती देशातील रुग्णालयात राबणाऱ्या परिचारिकेला घर तासांत मोजता येत नाही. ते शिल्लक रजेत आणि साठवलेल्या पगारात मोजावे लागते. तिने धाडलेल्या पैशांवर भावंडांचे शिक्षण होत असेल, तर तिचे दूर राहणे हीच तिची सेवा आहे. विधवेच्या दोन नाण्यांचे मोल प्रभूने तिच्या ऐपतीवरून ठरवले. येण्या-न येण्याचा हिशेबही तसाच व्हावा.

म्हणून दुसऱ्याचे अंतर मोजण्याच्या भरीस आपण पडू नये. आपले मात्र प्रामाणिकपणे मोजावे. माझ्या आणि आईच्या घरामध्ये खरोखर काय आहे? पैसा, रजा, आजार, की नुसती सवड नसणे? पहिल्या तिन्हींसाठी परमेश्वराजवळ क्षमा मागण्याचे कारण नाही. चौथ्यासाठी मात्र या रविवारी मिस्सा आटोपल्यावर सांगलीची एस.टी. धरावी, हे बरे.