शिक्षेच्या आकड्यावर पैज

एखाद्या मनुष्यास न्यायालयात किती वर्षांची शिक्षा होईल, यावर दुसऱ्या मनुष्याने पैसे लावावेत काय? हा प्रश्न आमच्या खेड्यापाड्यांतील वाचकांस प्रथम फार दूरचा वाटेल. परंतु ज्या मोबाइलवर आपण कांद्याचा भाव पाहतो व परगावी असलेल्या मुलांशी बोलतो, त्याच मोबाइलवर अशा पैजांच्या बातम्या येऊन पोहोचतात. म्हणून या गोष्टीचा शांतपणे विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

अमेरिकेत पॉलीमार्केट व कालशी या नावांच्या कंपन्या पुढे काय घडेल यावर पैसे लावण्याचे बाजार चालवितात. त्यांची रीत सोपी आहे. एक प्रश्न मांडायचा, आणि त्याच्या ‘होय’ व ‘नाही’ अशा दोन बाजूंच्या चिठ्ठ्या विकायच्या. प्रत्येक चिठ्ठीची किंमत एका डॉलरच्या आत असते. निकाल लागल्यावर खऱ्या ठरलेल्या बाजूस पूर्ण डॉलर मिळतो व दुसरीस काहीच मिळत नाही. ‘होय’ची चिठ्ठी चाळीस सेंटला विकली जात असेल, तर ती गोष्ट घडण्याचा संभव शंभरात चाळीस आहे, असे समजतात. निवडणुका व हवामान यांच्या जोडीस या बाजारात फौजदारी खटलेही आले. ३० मे २०२४ रोजी न्यूयॉर्क येथील ज्यूरीने डोनाल्ड ट्रंप यांस ३४ आरोपांत दोषी ठरविले. त्या वर्षी ते तुरुंगात जातील काय, यावरही अशी खरेदी-विक्री चालली. शिक्षेची तारीख वारंवार पुढे गेली, आणि अखेर १० जानेवारी २०२५ रोजी न्यायाधीशांनी दोष कायम ठेवून कोणतीही शिक्षा न देता त्यांस मोकळे केले. कोणाचे पैसे बुडाले, कोणाचे वाढले.

आमच्या प्रांतास हा प्रकार अगदीच अनोळखी नाही. मुंबईत एके काळी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून येणाऱ्या भावांच्या आकड्यांवर लोक पैसे लावीत. बाजार उघडतानाचा एक भाव व बंद होतानाचा दुसरा. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तेथूनच आले. पुढे तो आधार सुटला, आणि १९६० नंतरच्या दशकात चिठ्ठ्या व पत्ते काढून आकडा ठरू लागला. मटका या नावाने त्याने किती संसार धुळीस मिळविले, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. मुंबईच्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात कापसाच्या भावावरील व पावसावरील जुगाराचाही उल्लेख आहे. तेव्हा परदेशातून आलेल्या आकड्यावर पैसे लावणे ही आपल्याकडची जुनीच खोड होय. फरक इतकाच की, त्या आकड्यामागे कापसाच्या गासड्या होत्या. या आकड्यामागे मनुष्याच्या आयुष्याची वर्षे आहेत.

कायद्याने आपले काम काही अंशी केले आहे. भारतीय करार कायदा, १८७२, याच्या ३० व्या कलमाने पैजेचा करार रद्दबातल ठरतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस बंदी करणारा कायदा केला, आणि अशाच ‘होय-नाही’च्या धंद्यात असलेल्या प्रोबो या देशी कंपनीने पैशांचा तो व्यवहार बंद केला. तथापि जेथे कायद्याचा हात पोहोचत नाही, तेथेही नीतीचा प्रश्न उरतोच.

या बाजारांचे कैवारी म्हणतात की, हा जुगार नसून ज्ञान मिळविण्याचा मार्ग आहे. तोंडाने कोणीही काहीही बोलतो. परंतु पदरचे पैसे घालावयाचे म्हटले म्हणजे मनुष्य विचार करून बोलतो. शिवाय आरोपीचे यात काय जाते? आणि शेतकरी पावसाच्या भरवशावर बी टाकतो, ती तरी पैज नव्हे काय?

हा युक्तिवाद थट्टेने उडवून लावण्याजोगा नाही. पुष्कळांच्या अंदाजांतून कधी कधी खरा अंदाज निघतो, हे आम्ही मान्य करितो. परंतु शेतकऱ्याचा दाखला येथे लागू पडत नाही. पाथर्डीचा किंवा जामखेडचा शेतकरी मृगात बाजरी पेरितो, तेव्हा शेत त्याचे, बी त्याचे, आणि पाऊस न आला तर उपाशी राहणारे घरही त्याचेच असते. पावसाची इच्छा करिताना तो कोणाच्या वाईटाची इच्छा करीत नाही. अठराव्या शतकात लंडनमध्ये लोक अनोळखी माणसांच्या आयुष्यावर विम्याच्या नावाने पैजा लावू लागले, तेव्हा तेथील पार्लमेंटने १७७४ साली कायदा केला की, ज्याच्या जगण्यात आपला खरा हितसंबंध नाही, त्याच्या आयुष्याचा विमा उतरविता येणार नाही. परक्याच्या मरणात कोणाचा नफा असू नये, ही गोष्ट त्या व्यापारी राष्ट्रासही पटली होती.

आणि या ज्ञानाचा उपयोग तरी कोणास? न्यायाधीशाने पुरावा व कायदा पाहावयाचा असतो. बाजाराचा अंदाज त्याच्या कानी पडला तर अपायच होईल. ज्यास निकाल अगोदर कळतो, असा कचेरीतील एखादा कारकून मात्र त्या ज्ञानाचे पैसे करू शकेल.

परंतु खरी हानी पैज लावणाऱ्याच्या स्वतःच्या अंतःकरणात होते. ज्याने ‘शिक्षा होईल’ ही चिठ्ठी घेतली, त्यास आरोपीच्या निर्दोषपणाचा पुरावा संकटासारखा वाटतो. ज्याने ‘होणार नाही’ ही चिठ्ठी घेतली, त्यास सत्य उघडकीस आले तरी दुःखच होते. आणि आरोपी सुटला म्हणून तो आनंदला, तरी तो आनंद त्या मनुष्यासाठी नसतो. १७ नोव्हेंबर २०२५ रोजी ढाका येथील न्यायाधिकरणाने शेख हसीना यांस त्यांच्या गैरहजेरीत मृत्युदंड सुनावला. २०२४ च्या आंदोलनात ज्यांची मुले मारली गेली, त्या आईबापांनी कडक शिक्षेची वाट पाहिली असेल, तर तो त्यांचा शोक आहे व न्यायाची मागणी आहे; त्याविषयी बोलताना आपण जपून बोलले पाहिजे. परंतु ज्याचे कोणी गेले नाही, त्याने अशा निकालावर दहा डॉलर लावून फाशीची वाट पाहावी, यास काय म्हणावे? निनवे शहर वाचले म्हणून योना रागावला, आणि शहराबाहेर मांडव घालून त्याचे काय होते हे पाहत बसला. त्याने तर एक पैसाही लावला नव्हता. आपले भाकीत खोटे ठरल्याचे दुःख एवढे, तर त्यात पैशाची भर पडल्यावर काय होईल?

शिक्षेचा आकडा कानी आल्यावर लोक निराळेही वागले आहेत. २२ जुलै १९०८ च्या रात्री मुंबईच्या उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांस सहा वर्षे हद्दपारीची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवसापासून गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेविले. वर्षामागे एक दिवस. गोळीबारात कित्येकांचे प्राणही गेले. त्या दिवसांतील दंगल कोणास पसंत पडो वा न पडो, परंतु रोजंदारीवर पोट असलेल्या त्या लोकांनी सहा या आकड्यावर काही मिळविले नाही. त्यापायी सहा दिवसांची मजुरी गमाविली. दुसऱ्याच्या शिक्षेचा भार त्यांनी थोडासा आपल्या अंगावर घेतला.

आपल्या शहरातील किल्ल्याकडे पाहा. १९४२ च्या ऑगस्टपासून १९४५ च्या मार्चपर्यंत पंडित नेहरू तेथे स्थानबद्ध होते. वल्लभभाई पटेल व मौलाना आझाद हेही त्याच भिंतींआड होते. सुटका केव्हा होईल हे त्यांस ठाऊक नव्हते. १९४३ च्या एप्रिलमध्ये मौलानांची पत्नी कलकत्त्यास मरण पावली, तेव्हा ते येथेच बंदीत होते. हे लोक आणखी किती महिने आत राहतील यावर त्या काळी लंडनमध्ये किंवा न्यूयॉर्कमध्ये चिठ्ठ्या विकल्या गेल्या असत्या, तर आपल्या वाडवडिलांस काय वाटले असते? तेथील लोकांस हे परदेशी पुढारीच होते.

म्हणून आमच्या वाचकांस आमचे सांगणे इतकेच आहे. कोणत्याही देशाच्या पुढाऱ्याचा निकाल लागो, त्याच्या अपराधाविषयी आपले मत असावे व ते निर्भीडपणे बोलावे. परंतु त्याच्या शिक्षेत आपला नफा ठेवू नये. आणि ही गोष्ट केवळ मोबाइलवरच्या बाजाराची नाही. गावातील एखाद्याचा खटला जिल्हा न्यायालयात उभा असता चहाच्या दुकानात कोणी म्हणतो, “दहा वर्षे लागणार, लाव शंभर रुपये.” तेव्हा ज्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटली नाही, तो आरोपी व ज्याचे नुकसान झाले तो फिर्यादी, हे दोघेही आपलेच शेजारी असतात. ते शंभर रुपये खिशातच राहू द्यावेत, आणि जमल्यास त्या दोन्ही घरी जाऊन यावे.