दैवाची जागा

माझी सगळी नोकरी एसटीच्या स्टिअरिंगवर झाली. ड्रायव्हर लोकांत एक वाक्य फार ऐकलं: "व्हायचं ते चुकत नाही." निवळीचा घाट असो की हातखंब्याचा उतार, देवाला नारळ ठेवायचा, गाऱ्हाणं घालायचं आणि मग गाडी सोडायची. देवावर माझीही श्रद्धा आहे, म्हणूनच हे वाक्य मला सलतं.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणं, वेगवेगळ्या चेष्टा म्हणजे क्रिया, आणि पाचवं दैव. मी ती माझ्या कामाला लावून वाचतो. अधिष्ठान म्हणजे हा देह, रात्री झोप झालेला किंवा न झालेला. करणं म्हणजे डोळे, कान, ब्रेकवरचा पाय. दैव सगळ्यात शेवटी: वळणापलीकडे बसलेली गुरं, पावसात रस्त्यावर वाहून आलेली लाल माती, सायकल घेऊन अचानक वळणारं पोर. पुढे असंही म्हटलंय, की जो स्वतःलाच एकटा कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही. दैवावर भार टाकणाऱ्यांना हा श्लोक आपल्या बाजूचा वाटतो. मला तो "माझा हात बसलाय" म्हणणाऱ्याला सांगितलेला वाटतो. रस्त्यावर आपण एकटे कर्ते नसतो. म्हणून दैवाला जागा ठेवावी लागते, आणि ती जागा मीटरमध्ये मोजता येते.

ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. पोर दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच तेवढं अंतर संपतं. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं, जुलैच्या ओल्या रस्त्यावर आणखी जास्त. म्हणून जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता येईल, तोच वेग. गोळप-पावसकडच्या अरुंद वळणांवर तर दिसतो त्याच्या अर्ध्यात, कारण उरलेला अर्धा समोरून येणाऱ्याचा आहे. तो कोण, कुठल्या गावचा, मला ठाऊक नाही. तरी त्याचा अर्धा रस्ता त्याला ठेवायचा. अहिंसा मला याहून स्पष्ट कुठे दिसली नाही.

गीतेवर लिहिणारे लोकमान्य टिळक आमच्या रत्नागिरीतच जन्मले. १९१५ साली छापलेल्या 'गीतारहस्या'त त्यांनी गीता काम करणाऱ्या माणसाची म्हणून मांडली. फळावर अधिकार नाही, म्हणजे परिणामाची पर्वा नको, असा अर्थ घेणाऱ्याने ते पुस्तक एकदा उघडावं. सोडायची ती फळाची आसक्ती, आणि ड्रायव्हरची आसक्ती म्हणजे लवकर पोचण्याची हाव.

गाऱ्हाणं जरूर घाला, मीही घालतो. राखणदाराला आपण सगळ्यांना सांभाळ म्हणतो. त्या सगळ्यांत वळणापलीकडचं पोरही आलं.

रत्नागिरी ते पावस साधारण २० किलोमीटर. ताशी ६० ने २० मिनिटं, ४० ने ३०. ती १० मिनिटं वळणांवर वाचवू नका, घरून तेवढं आधी निघा.